चतुर आधी ओळखावा, मग टिपावा

चतुर आणि त्यांच्या सडपातळ बहिणी टाचण्या यांचे फोटो काढायचे आहेत, कॅमेरा कोणता घेऊ, असं पावसाळा ओसरायला लागला की कुणी ना कुणी मला विचारतंच. मी उलट विचारते, तुमच्या घराजवळ पाणी कुठलं आहे? वाहतं की साचलेलं? उन्हातलं की झाडांखालचं? बारमाही की दिवाळीपर्यंत आटणारं? कॅमेऱ्याचं पुढे बघू. सावंतवाडीच्या आसपासचे व्हाळ (ओढे), आंबोलीचा घाट आणि कोकणातले सडे (कातळाचे माळ) इथे कॅमेरा घेऊन फिरताना जे उमगत गेलं, ते इथे मांडते आहे.

१. पाण्यापासून सुरुवात करा

चतुर आपल्याला हवेत दिसतो, पण त्याचं बालपण सगळं पाण्याखाली जातं. अंड्यातून निघालेलं पिल्लू जातीनुसार काही आठवडे किंवा काही वर्षंही पाण्यात राहतं, डासांच्या अळ्या, बेडूकमासे, प्रसंगी बारीक मासेही खातं आणि कात टाकत टाकत मोठं होतं. पंख फुटतात ते अगदी शेवटी. त्यामुळे कोणती जात कुठे भेटणार हे पाणीच ठरवतं.

भाताच्या मळ्यात काळ्यापांढऱ्या पंखांचा पाईड पॅडी स्किमर हमखास असतो. गावाबाहेरच्या मळकट नाल्यावर नारिंगी पंखांचा डिच ज्युवेल. सड्यावरच्या खडकातल्या डबक्याशी किंवा घरामागच्या सिमेंटच्या टाकीशी ग्रॅनाइट घोस्ट, आणि तो दगडावर असा बेमालूम बसतो की उडाल्याशिवाय दिसत नाही. दाट सावलीतल्या व्हाळावर फॉरेस्ट ग्लोरी. धबधब्याच्या तुषारांत सतत घिरट्या घालणारा इरिडिसंट स्ट्रीम ग्लायडर. यातलं एकाचं पाणी दुसऱ्याला चालत नाही. पश्चिम घाटात चतुर-टाचण्यांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. त्या बहुतेक करून सावलीतल्या वाहत्या पाण्याच्या आहेत. दुर्मीळ काही बघायचं असेल तर तळ्याकाठी दिवस घालवण्यापेक्षा व्हाळाच्या वरच्या अंगाला चढा.

२. उजाडताना पोचा

चतुराचं अंग सहसा ऊन मिळाल्याशिवाय तापत नाही आणि अंग तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. ऑक्टोबर ते जानेवारी या महिन्यांत पहाटे दव पडतं. तेव्हा गवताच्या काडीला लटकलेला चतुर डोक्यापासून शेपटीपर्यंत थेंबांनी भरलेला असतो आणि ऊन येईपर्यंत हलत नाही. तिपाई लावा, हव्या त्या बाजूने बसा, शटर सावकाश ठेवा, सगळं जमतं. मोठ्या चतुरांचे पंख बारीक थरथरायला लागले की समजा, गाडी गरम होते आहे. त्यानंतर हातात काही मिनिटंच उरतात.

मात्र पहाटेच्या फोटोत प्राणी झोपलेला असतो. तो काय करतो हे बघायचं असेल तर नऊ ते अकराच्या उन्हाला पर्याय नाही. नवशिके बऱ्याचदा दवाच्या फोटोंवर समाधान मानून घरी परततात आणि खरी गंमत सुरू होते तेव्हा ते चहा पीत असतात.

३. तुम्ही त्याला दिसता

चतुराचं जवळजवळ सगळं डोकं म्हणजे डोळेच. मोठ्या जातींत एकेका डोळ्यात हजारो, काहींत तीस हजारांच्या आसपास, बारीक भिंगं असतात. पुढे, वर, बाजूला, बऱ्याच अंशी मागेही त्याला दिसतं. त्याच्या नकळत जवळ जाण्याचा विचारच सोडून द्या. त्याला तुमची भीती वाटू नये, एवढंच आपल्या हाती आहे.

हालचाल त्याला फार चटकन कळते, विशेषतः आडवी आणि आभाळाच्या पार्श्वभूमीवरची. म्हणून दुरूनच खाली बसा आणि सरळ त्याच्या रेषेत, बसल्या बसल्या पुढे सरका. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. सावली पडली की तो गेलाच. कॅमेरा डोळ्याला लावूनच पुढे जा, कारण शेवटच्या हातभर अंतरावर कॅमेरा वर उचलला की तेवढ्याने सगळं फिसकटतं. भडक शर्ट नको, गळ्यात लोंबणारा पट्टा नको.

टाचण्यांची एक खोड सांगून ठेवते. आपण समोर आलो की काही टाचण्या काडीच्या पलीकडच्या बाजूला सरकतात. दोन्ही बाजूंनी फक्त दोन डोळे बाहेर दिसतात. अशा वेळी पाठलाग करू नका. हात काडीच्या पलीकडे लांब नेऊन बोट हळूच हलवलं की ती पुन्हा आपल्या बाजूला येते.

४. तो परत येतो

उडून गेला म्हणून उठू नका. ज्यांना आपण बसणारे चतुर म्हणतो, ते एखादी काडी, एखादा दगड पक्का धरून ठेवतात. तिथून झेप घेतात, माशी पकडतात किंवा दुसऱ्या नराला हुसकावतात आणि पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात. चतुराची झेप सहसा वाया जात नाही. प्रयोगांत दहांतल्या नऊहून अधिक झेपा यशस्वी ठरल्याचं दिसलं आहे. त्यामुळे परतल्यावर तो काहीतरी चावत असण्याची शक्यता बरीच. कॅमेरा काडीवर रोखून ठेवा आणि थांबा. एका काडीपाशी अर्धा तास बसणाऱ्याला जे मिळतं ते साऱ्या व्हाळावर धावणाऱ्याला मिळत नाही.

५. कॅमेरा, लेन्स आणि एक प्रतल

इथे फार वेळ घालवत नाही. शंभर मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो लेन्स टाचण्यांसाठी उत्तम. चतुरांसाठी जवळून फोकस होणारी तीनशे-चारशेची टेलिफोटो जास्त कामाची, कारण त्यांना दोन हात अंतर हवंच असतं. टेलिफोटोला एक्स्टेन्शन ट्यूब लावूनही पुष्कळ भागतं.

खरा घोळ फोकसच्या खोलीचा. इतक्या जवळून एफ अकरा ठेवलं तरी स्पष्ट दिसणारा पट्टा एक-दोन मिलिमीटरचाच असतो. मग अॅपर्चर आणखी बंद करत बसण्यापेक्षा कॅमेऱ्याची पाठ चतुराच्या अंगाला समांतर आणा. डोळा, छाती आणि शेपटीचं टोक एकाच प्रतलात आले की एफ आठलाही संपूर्ण चतुर लख्ख येतो. समोरून काढायचा असेल तर डोळ्यांवर फोकस ठेवा आणि बाकीचं धूसर होऊ द्या.

६. मागचं बघा

गवताच्या गचपणात बसलेल्या टाचणीचा फोटो कितीही स्पष्ट असला तरी तिच्याकडे नजर जात नाही. वीतभर डावीकडे सरकलं, गुडघ्याएवढं खाली गेलं की मागे दूरचं पाणी किंवा सावली येते. लहान जातींसाठी पोटावर झोपावंच लागतं. अॅग्रिओक्नेमिस पिग्मिया ही टाचणी जेमतेम दोन सेंटीमीटरची. उभं राहून वरून काढली तर ती गवताचंच पातं वाटते.

भर दुपारचं ऊन डोळ्यांवर आणि पंखांवर चकाकतं. ढगाळ दिवस सगळ्यांत चांगला. फ्लॅश वापरायचाच तर त्यासमोर पांढरा दुधी कागद हवा, तोही मोठा.

पण दुपारही फुकट घालवू नका. तापलेल्या दगडावर बसलेला गुलाबी क्रिम्सन मार्श ग्लायडर ऊन डोक्यावर आलं की शेपटी सरळ सूर्याकडे उभी धरतो. अंगावर कमीत कमी ऊन पडावं म्हणून त्याने शोधलेली ही युक्ती. हा फोटो सकाळी मिळत नाही.

७. स्ट्रीम ग्लोरीपाशी घालवलेला वेळ

आंबोलीच्या पायथ्याशी एक व्हाळ आहे. मोठाले काळे दगड, मधून खळाळतं पाणी, वर जांभूळ आणि करंजाची सावली, त्यातून उन्हाचे कवडसे. दहाच्या सुमारास त्या कवडशांत स्ट्रीम ग्लोरीचे नर येऊन बसतात. बसलेला असताना पंख मिटलेले, तपकिरी, काळपट. पहिल्यांदा बघणाऱ्याला त्यात काही विशेष वाटतही नाही.

मग तो पंख उघडतो. मागच्या पंखांची वरची बाजू मोराच्या गळ्यासारखी हिरवी, धातूसारखी चमकणारी, टोकाला काळी. पापणी लवावी एवढाच वेळ, आणि पुन्हा मिटून तपकिरी. हा हिरवा रंग प्रकाशाच्या कोनावर अवलंबून असतो. ऊन आपल्या पाठीमागून, जरा वरून आलं तर तो पेटून उठतो, आणि चुकीच्या बाजूला बसलं तर उघडलेले पंखही काळेच दिसतात. म्हणून आधी ऊन कुठून येतंय ते बघून दगड निवडायचा आणि मगच बसायचं.

पंख उघडताना दिसल्यावर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. त्याच्या हालचालीला एक लय असते. एक उघडझाप, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा. दुसरा नर जवळून गेला की उघडझाप वाढते. मादी आली की तो पाण्यावर येऊन तरंगल्यासारखा उडतो आणि सगळा हिरवा रंग तिच्यासमोर मांडतो. मादी स्वतः सोनेरी-तपकिरी, पंखांवर पांढरे ठिपके. ती येताना दिसली की मी नरावरची नजर हलवत नाही आणि सलग फोटो घेत राहते.

त्या व्हाळावर गुरं घेऊन येणारे एक आजोबा मला बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "काय पडला काय गो बाय व्हाळात? सकाळपासून शोधतंस." मी त्यांना पडद्यावरचा हिरवा पंख दाखवला. ते म्हणाले, "ह्यो थंय वरच्या कोंडीर जास्ती असता." आणि खरंच, वरच्या कोंडीवर, म्हणजे व्हाळातल्या डोहावर, त्याहून जास्त होते. गुराखी, पाणक्या, मासे धरणारी मुलं यांना विचारल्याशिवाय मी आता नव्या व्हाळावर जात नाही.

८. जोडी दिसली तर घाई नको

नराने शेपटीच्या टोकाने मादीला मानेपाशी धरलंय आणि मादीने शेपटी पुढे वळवून नराच्या पोटाला लावली आहे, अशा वेळी टाचण्यांच्या जोडीचा बदामासारखा आकार होतो. तो का होतो हे माहीत असलं तर फोटोही वेगळा निघतो. नराचं वीर्य शेपटीच्या टोकाशी तयार होतं, पण ते तो आधी आपल्याच पोटाच्या सुरुवातीच्या भागातल्या दुसऱ्या इंद्रियात नेऊन ठेवतो. मादी ते तिथून घेते.

१९७९ साली अमेरिकेतल्या टाचण्यांवरच्या अभ्यासात असं दिसून आलं की नर आपलं वीर्य देण्याआधी मादीच्या शरीरात आधीच्या नराचं असलेलं वीर्य बाहेर काढतो. मग मिलनानंतर नर मादीला का सोडत नाही, तिने अंडी घालेपर्यंत मानेला धरून का राहतो किंवा वर घिरट्या का घालतो, याचा उलगडा होतो. हे अंडी घालणं तर मिलनापेक्षाही बघण्यासारखं. टाचण्या पाणवनस्पतीच्या देठाला चीर देऊन आत अंडी ठेवतात आणि काही तर त्यासाठी सबंध पाण्याखाली उतरतात. बरेच चतुर उडता उडता शेपटी पाण्यावर टेकवत जातात. त्या टेकवण्याचा थेंब टिपायचा असेल तर शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या पुढे हवं.

९. उडता चतुर

प्रत्येकाला उडतानाचा फोटो हवा असतो. सुरुवात पँटालाने करा. भात पोटरीला आला की मळ्यावर, शाळेच्या मैदानावर जे पिवळसर चतुर थव्याने फिरताना दिसतात तेच हे. ते सहसा बसत नाहीत, पण वाऱ्याच्या दिशेने तोंड करून क्षणभर हवेत थबकतात. फोकस हाताने साधारण दोन-अडीच मीटरवर लावून ठेवा आणि तो त्या अंतरात आला की बटण दाबा. ऑटोफोकसच्या मागे लागलात तर नुसतं आभाळ मिळेल.

याच चतुरावर मालदीवमधले सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली लिहिलं. ऑक्टोबरपासून मालदीवमध्ये या चतुरांचे थवे उतरतात, आणि तिथे तर गोडं पाणी जवळजवळ नाहीच. अँडरसन यांनी मांडलं की ते भारताकडून येतात आणि वाऱ्यावर स्वार होऊन हिंद महासागर ओलांडत पूर्व आफ्रिकेकडे जातात. पावसाने भरलेल्या डबक्यात दीड-दोन महिन्यांत वाढणारा, बोटाएवढ्या लांबीचा हा जीव. तुमच्या मळ्यावर थबकलेला पँटाला कुठे निघाला असेल हे मनात असू द्या आणि मग लेन्समधून बघा.

१०. रंगावर भिस्त ठेवू नका

नुकता पंख फुटलेला नर पुष्कळदा मादीसारखा पिवळट दिसतो. लाल होणारा वय वाढलं की लाल होतो. ऑर्थेट्रम गटातल्या निळ्या चतुरांवरचा निळा रंग म्हणजे वय वाढेल तशी अंगावर साचणारी मेणाची पूड असते. येलो बुश डार्टची कोवळी टाचणी तर खडूसारखी पांढरी, आणि दर पावसाळ्यात कुणीतरी ती नवीन जात म्हणून पाठवतंच.

ओळख पटवायची असेल तर एकाच प्राण्याचे तीन फोटो घ्या. छातीवरचे पट्टे दिसतील असा बाजूने, पंखांच्या शिरा दिसतील असा वरून आणि शेपटीच्या टोकाच्या आकड्यांचा जवळून. क्लबटेल कुळातल्या कित्येक जाती केवळ या आकड्यांवरून वेगळ्या करता येतात. ब्लॅक-टिप्ड फॉरेस्ट ग्लोरीला तिच्या बहिणीपासून वेगळं काढायला पंखाचं काळं टोक पुरतं, पण टोक फोटोत कापलं गेलं असेल तर तज्ज्ञही हात टेकतो. अभ्यासाला के. ए. सुब्रमणियन यांची द्वीपकल्पीय भारतातल्या चतुर-टाचण्यांवरची मार्गदर्शिका जवळ असू द्या. खोलात जायचं असेल तर लष्करी डॉक्टर फ्रेझर यांचे १९३३ ते १९३६ या काळात निघालेले तीन खंड आजही उघडावे लागतात.

११. कातीचाही फोटो घ्या

पहाटे व्हाळाकाठच्या दगडांवर, लव्हाळ्यावर रिकामी कात चिकटलेली दिसते, पाठीला चीर पडलेली. ती दिसली याचा अर्थ ती जात याच पाण्यात वाढली. उडत आलेला चतुर पाहुणा असू शकतो, कात तशी नसते. शेजारी कोवळा, दुधी पंखांचा चतुर लटकत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. त्या तासाभरात पंखाला धक्का लागला तर तो वाकडाच वाळतो आणि तो चतुर कधीच नीट उडत नाही.

१२. काय करू नये

फोटोसाठी चतुर पकडून फ्रिजमध्ये थंड करणं, पंख चिकटवणं, शेपटीला दोरा बांधणं, हे करणाऱ्याला निसर्गाचा फोटोग्राफर म्हणू नये. मध्ये येणारी काडी तोडू नका, बोटाने बाजूला धरा. व्हाळात उतरायचंच असेल तर दगडावरून दगडावर पाय टाका. दगडांखाली आणि पाचोळ्यात पिल्लं असतात. गमबूट घाला. सड्यावर फुरसं आणि ओल्या फांदीवर चापडा आपल्याआधी येऊन बसलेले असतात, आणि पोटावर झोपणाऱ्याने झोपण्याआधी ती जागा नीट बघावी.

१३. तारीख, गाव, पाणी

प्रत्येक फोटोबरोबर या तीन गोष्टी लिहून ठेवा. २०१९ साली सिंधुदुर्गातून सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी, २०२० साली कोकण किनाऱ्यालगतच्या भागातून ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस हा चतुर आणि २०२२ साली चौकुळ गावच्या नावाने बर्मागोम्फस चौकुळेन्सिस विज्ञानाला नव्याने कळले. माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटांवरचे हे प्राणी एवढी वर्षं कुणी नीट पाहिले नव्हते. तुमच्या कार्डात पडलेल्या एखाद्या फोटोत काय आहे, हे तारीख आणि गावाशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

नोंदींचा दुसरा उपयोगही आहे. मी ज्या व्हाळावर जाते त्याच्या खालच्या अंगाला सिमेंटचा बंधारा झाला. बंधाऱ्याआधीच्या फोटोंत तिथे स्ट्रीम ग्लोरी आणि टॉरंट डार्ट आहेत. त्यानंतरच्या फोटोंत त्याच दगडांवर डिच ज्युवेल आणि ग्राउंड स्किमर. पाणी थांबलं, गाळ बसला, कडेची झाडं गेली, ऊन पडलं. वरच्या अंगाला पाणी अजून धावतं आणि तिथे जुने रहिवासी टिकून आहेत. दोन्ही वेळचे फोटो मी ग्रामसभेत भिंतीवर दाखवले. गावाला उन्हाळ्यात पाणी हवं आहे आणि दुसरा बंधारा होणार आहे, त्याला माझा विरोध नाही. तो कोंडीच्या खाली घालावा, कोंडीवरच्या भागातली जांभळं आणि करंज तोडू नयेत, एवढं मागितलं आहे. गुरं राखणाऱ्या आजोबांनी उठून त्याला पाठिंबा दिला. जागेची पाहणी येत्या महिन्यात आहे.